डाव्या हाताची चीर

सातारा, ९ ऑगस्ट १९९५

आत्या,

वाकून नमस्कार केलाय असं समज. लिहिता लिहिता वाकता येत नाही.

इकडे सगळे बरे. तात्यांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघा कुरकुरला की तात्या माझ्यावर कुरकुरतात. ते सोड. मुद्द्याचं लिहितो. शिरवळच्या एका खेळण्यांच्या कंपनीचे साहेब आपल्याकडे येऊन गेले. आपल्या पत्र्याच्या शेडला ते ‘कारखाना’ म्हणाले, तेव्हा तात्या उगाच ताठ झाले. त्यांना आपला बोलका बाहुला हवाय. डोकी आमची साताऱ्याची, धडं तुझी सांगलीची, अगदी पूर्वीसारखं. विक्री मात्र त्यांची, थेट पुण्यामुंबईपर्यंत. आजोबांनी लष्कराच्या छावणीत कुणा साहेबाच्या मांडीवर बोलका बाहुला पाहिला आणि घरी येऊन रद्दीच्या लगद्याचा स्वतःचा केला. तेव्हापासून आपण जत्रांमध्येच बसलोय. आता तरी उठू या.

अट एकच आहे. बाहुल्याच्या पाठीतली चीर. तू ती डाव्या अंगाला ठेवतेस, आतली दोरीची कडीही अशी शिवतेस की डावा हात घातला तरच बोट बसतं. उजव्या हातानं जबडा हलवायला जावं तर मनगट पिळवटतं. साहेबांनी माझ्यासमोर खटपट केली, बाहुला नुसता आ वासून राहिला. गिऱ्हाइकांची ही तक्रार मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. तेवढी चीर उजव्या हाताची कर आणि दसऱ्याच्या आत नमुने पाठव. माझी सगळी भिस्त ह्याच्यावर आहे. हे हुकलं तर शेडला कुलूप लावून मला कुठेतरी कारकुनी शोधावी लागेल.

खोटं कशाला सांगू, एका गिऱ्हाइकाला तुझी चीर पसंत पडली. माण तालुक्याकडचा एक घोंगडीवाला दुकानात शिरला, बाहुला हातात घातला आणि लहान पोरासारखा हरखला. पण तो हजारात एक. एवढ्यावर कंपनी चालत नाही.

तुझा,
मुकुल


विश्रामबाग, सांगली, १४ ऑगस्ट १९९५

मुकुल,

आशीर्वाद. ते अकलेवर अवलंबून नसतात म्हणून तुलाही.

चीर बदलणार नाही. उजव्या हाताची धडं हवी असतील तर दुसरी शिंपीण बघ. वर्षभरात बाहुल्यांच्या काखा उसवल्या की रडत माझ्याकडे येऊ नकोस. तुझ्या साहेबाचं मनगट पिळवटत असेल तर त्याला म्हणावं, तेल लाव.

आता दुसरं. तो घोंगडीवाला. त्याचं वय काय असेल? डावा हात त्यानं आपणहून घातला, की आधी उजवा घालून पाहिला? बाहुल्याकडून काही बोलला का? बोलला असेल तर कसा? कुठल्या गावचा? तू उचलली जीभ लावली टाळ्याला असं लिहितोस, म्हणून बजावते. जे घडलं ते जसंच्या तसं लिही, आणि लगेच लिही. शेजाऱ्यांच्या फोनवर विचारू नकोस, तिथे चार कान असतात.

हे पत्र तात्याला दाखवू नकोस.

आत्या


सातारा, २० ऑगस्ट १९९५

आत्या,

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मी तुला घराच्या भवितव्याचं विचारतोय आणि तू एका घोंगडीवाल्याची उलटतपासणी घेतेस. त्याला माझ्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभं करायचंय, हे न कळण्याइतका मी दुधखुळा नाही.

घे, ऐक. तिशीचा असेल. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगड्यांची चळत, बाजाराला आला होता. हात त्यानं डावाच घातला, विचार न करता. आधी माझ्याशी बोलायला गेला तर ‘ह्यो… ह्यो… ह्यो’ च्या पुढे गाडी जाईना. मानेच्या शिरा फुगल्या बिचाऱ्याच्या. आणि बाहुला हातात बसला मात्र, घडाघडा सुरू! म्हणजे बाहुला बोलायचा, हा शेजारी उभा राहून त्याच्याकडे बघत राहायचा. दुकानातली माणसं हसून हसून बेजार. पोरीसाठी बाहुला हवा होता त्याला. मी त्याला वाटेला लावलं, कारण दुपारी साहेब यायचे होते.

झालं समाधान? आता माझं ऐक. तू शिवणार नसशील तर इथे दोन बायका तयार आहेत. वाईट वाटून घेऊ नकोस. तात्यांनाही मी हेच सांगितलं, तर ते म्हणाले, ‘चिरीला हात लावायचा नाही,’ आणि उठून गेले. तुम्हा दोघा भावंडांचं हे काय गौडबंगाल आहे? दरवर्षी तात्या म्हसवडच्या जत्रेत तोटा सोसून पाल टाकतात, तेही असंच. विचारलं की गुडघा दुखतो.

मुकुल


सांगली, २४ ऑगस्ट १९९५

मुकुल,

बस, आणि मग वाच.

तुझा आतेभाऊ सुमंत लहानपणी तापानं वारला असं आम्ही तुला सांगितलं. तो वारला नाही, हरवला. तुझ्या जन्माच्या आधीची, अडुसष्ट सालची म्हसवडची जत्रा. तात्यानं सिद्धनाथाच्या देवळाजवळ पाल ठोकलं होतं. सुमंत चार वर्षांचा, हट्टानं मामाबरोबर गेलेला. रथ निघाला, माणसांचा रेटा पालात घुसला. रेटा ओसरल्यावर तात्याला पालात सुमंतचा बाहुला सापडला, सुमंत सापडला नाही. तुझ्या काकांनी, म्हणजे सुमंतच्या वडिलांनी, आणि तात्यानं महिनाभर माण पालथं घातलं.

सुमंत बोलताना अडखळायचा. स्वतःचं नावसुद्धा ‘सु… सु’ च्या पुढे सरकायचं नाही. पण बाहुला हातात आला की घडाघडा बोलायचा. आणि हात डावा, पहिल्यापासून डावरा. भूक लागली असं तो कधीच म्हणाला नाही, बाहुल्याला भूक लागली म्हणायचा. मग मला आधी बाहुल्याच्या तोंडाला घास लावायला लागायचा, तेव्हा हा जेवायचा.

आता समजलं? ज्याच्या हाती तो लागला असेल त्याला तो काही सांगू शकला नसणार. कारण बाहुला पालात राहिला होता. त्या सालापासून धडं मी शिवते. चीर डावीकडे घेते ती त्याच्यासाठी. कुठल्या तरी जत्रेत, कुठल्या तरी दुकानात आपला बाहुला त्याच्या हाती पडेल, हात बसेल आणि तो बोलेल. वेडेपणा आहे. मला कुणी सांगायला नको. तात्या दरवर्षी म्हसवडला बसतो तोही वेडेपणाच, पण आम्ही दोघांनी मिळून केला म्हणून शहाण्यासारखा वाटत आला.

आणि तू त्याला वाटेला लावलंस!

तो माणूस सुमंत असेलच असं मी म्हणत नाही. डावरे पुष्कळ, अडखळणारेही पुष्कळ. म्हणून एक गोष्ट हातची राखून ठेवते. सुमंतनं बाहुल्याला नाव ठेवलं होतं. ते तुला सांगणार नाही. तुझ्या पोटात तीळ भिजत नाही. तू जाऊन विचारशील, ‘आठवतंय का?’ आणि तो हो म्हणेल. अडलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्याच्याकडून आलं पाहिजे. भुकेचं जे लिहिलं तेही कुणाजवळ बोलायचं नाही.

त्याला शोध. मेंढरांवाला असेल तर दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरेल, मग पावसाळ्यापर्यंत हाती लागणार नाही.

आत्या


सातारा, ३० ऑगस्ट १९९५

आत्या,

मला झोप नाही. मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नव्हतं, ते आता लिहितो.

मी त्याच्या हातातून बाहुला ओढून घेतला. ‘नमुन्याचा आहे, विकायचा नाही, तोंडानं बोलता येत नसेल तर चालू लाग,’ असं म्हणालो. लोक हसत होते म्हणून मला चेव आला. ओढायच्या आधी त्याच्या हातातला बाहुला मला म्हणाला होता, ‘दादा, मला जाऊ द्या की ह्याच्यासंगं.’ मी तेव्हा हसलो. आता ते वाक्य कानातून जात नाही.

तात्यांना पत्र दाखवलं नाही, पण माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी रंगाच्या वाट्या झाकल्या, पिशवीत धोतर कोंबलं आणि स्टँडवर निघाले. मी अडवून घरी आणलं. ते शोधायला जातील तर गुडघ्यासकट तेच हरवतील. मीच जातो. घोंगड्यांच्या व्यापाऱ्यांकडे चौकशी सुरू केलीय.

मला माफ कर असं लिहिणार होतो, पण त्याची वेळ अजून आलेली नाही.

मुकुल


सांगली, १५ सप्टेंबर १९९५

मुकुल,

रोज पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकते आणि त्याला वाटतं म्हातारीला मनिऑर्डर यायचीय.

तुझ्यावर रागावले होते, अजून आहे. पण घरात मुलाला काही सांगायचं नाही आणि मग त्यानं ओळखलं नाही म्हणून बोल लावायचा, हाही कुठला न्याय? ते पाप आमचं.

शिरवळचं तुझं काम अडलंय हे मला कळतं. पण दिवाळीपर्यंत थांब. फक्त दिवाळीपर्यंत.

आत्या


दहिवडी, २९ ऑक्टोबर १९९५

आत्या,

वस्ती सापडली. माणूस गेला.

म्हसवडच्या पुढे माळावर चार घरांची धनगरवस्ती आहे. त्याचं नाव ज्योतिबा. पाडव्याला कळप घेऊन बायकोसह कोकणाकडे निघाला. मी आधीच पोचलो असतो. मधले काही दिवस मी शिरवळच्या साहेबांना थोपवून धरण्यात घालवले. हे तुझ्यापासून लपवत नाही.

घरी त्याची आई हरणाबाई आहे आणि शाळेसाठी मागे ठेवलेली मुलगी मयूरी. हरणाबाई सत्तरीची, काठीसारखी ताठ. मी कोण, कशाला आलो ते सांगितल्यावर तिनं मला अंगणातच उभं ठेवलं. म्हणाली, ‘आवं, आमी काय चोरून आनलं न्हाई त्याला. त्या साली माजं पोर बाळंतपनात दगावलं, म्हनून मी कोकनात गेले न्हवते. जत्रंत ह्ये पोरगं रडत रडत माज्या लुगड्याला यिऊन चिकटलं. देवळाच्या पायरीवर बसले हुते त्याला घिऊन. कुनी आलं न्हाई. नाव इचारलं तर पोराला बोलता यीना. कुनाचं म्हनून सांगू? मग मालक आलं, आमी मेंढरांमागं निघालो.’

मी म्हटलं, ‘आम्ही महिनाभर शोधत होतो.’

‘आमी डोंगरापल्याड हुतो,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘आता न्हेताय व्हय त्याला?’

मी विषय बदलून कळपांचं विचारलं. ह्या लोकांचे कळप मार्गशीर्षात, नेमके जत्रेच्या महिन्यात, कोकणात असतात, आत्या. तात्या दरवर्षी जत्रेत बसले तेव्हा तो दरवर्षी घाटाखाली होता.

पण पुरावा काही मिळाला नाही. बाहुल्याचं नाव मी विचारायचं नव्हतं आणि तो तर नाहीच. हरणाबाई म्हणते त्याच्या अंगावर काही खूण नव्हती. ती खरं सांगते की आम्हाला टाळते, हेही मला उमगत नाही. माणसांशी तो फार बोलत नाही, मेंढरांशीच बोलतो म्हणाली. कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढ्याशी तर दिवसभर गप्पा. एक मेंढा गेला की दुसरा, पण नाव लहानपणापासून एकच, आप्पासो. मेंढ्याला आप्पासो! मला त्याही वेळी हसू आलं.

आता सांग, काय करू? कोकणात उतरून त्याला गाठू का? चिपळूणकडे कळप असतील म्हणतात.

मुकुल


सांगली, ३ नोव्हेंबर १९९५

मुकुल,

तू नाव लिहिलंस. शेवटी, मेंढ्याच्या गमतीत.

सुमंतच्या बाहुल्याचं नाव आप्पासो होतं. आमच्या गल्लीत एक दूधवाले आप्पासो होते, त्यांच्यासारखे गाल म्हणून. तुझे काका, तात्या आणि मी, तिघांशिवाय हे कुणाला माहीत नाही. काका तर गेले.

तुझं पत्र वाचून मी आधी त्या बाईला तोंडाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. पायरीवर बसली होती म्हणे! किती वेळ बसली? अर्धा दिवस तरी बसली का? माझं मूल मेंढरांमागे अनवाणी हिंडलं आणि मी इथे रिकाम्या बाहुल्यांना सदरे शिवत बसले. संध्याकाळपर्यंत राग पुरला. मग आठवलं, तिचं पोर नुकतंच मातीत गेलं होतं, आणि परकं पोर लुगड्याला चिकटलं तेव्हा तिनं त्याला झटकलं नाही. तू मात्र मोठ्या माणसाच्या हातातून बाहुला ओढलास. ती पायरीवर बसली होती यावर मी विश्वास ठेवायचं ठरवलंय. त्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

कोकणात जायचं नाही. डोंगरात गाठून चार शहरी माणसं ‘तू आमचा’ म्हणाली तर अडखळणारा माणूस रान गाठेल. सोबत पार्सल पाठवतेय, त्यात धड आहे. सदरा निळा, सुमंतचा होता तसा. तात्याकडून डोकं बसवून घे आणि हरणाबाईच्या हातात दे. मयूरीला माझा पत्ता दे. त्याला सांगायचं की नाही, ते हरणाबाईनं ठरवायचं. तिनं बाहुला चुलीत घातला तरी तू शब्द काढायचा नाहीस. लिहिलंय ते लिहिलंय.

शिरवळवाल्यांना अजून धडं हवी असतील तर सांग, उजव्या हाताची चीर करून देते. आता हरकत नाही.

आत्या


सातारा, १८ नोव्हेंबर १९९५

आत्या,

बाहुला दिला. तात्यांनी डोकं स्वतः रंगवलं, मला ब्रश हातात धरू दिला नाही.

हरणाबाईनं बाहुला उलटापालटा करून पाहिला, चिरीत बोट घालून पाहिलं आणि उंच आढ्याला टांगून ठेवला. ‘बगू,’ एवढंच म्हणाली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मयूरी खालून टक लावून बघत होती. तिनं पत्ता वहीत उतरवून घेतला. भुकेचं मी बोललो नाही, जीभ दातांखाली धरून ठेवली.

खरं सांगू? मला त्या म्हातारीची भीती वाटते. पोर जाईल या धास्तीनं तिनं बाहुला जाळला तर आपल्याला कळणारही नाही. तात्या म्हणाले, ‘जाळणार नाही.’ कशावरून, विचारलं तर गुडघा दुखतो.

शिरवळचे साहेब वैतागले होते, पण अजून दार बंद केलेलं नाही. उजव्या हाताचे नमुने पाठव.

मुकुल


सांगली, १० जून १९९६

मुकुल,

उजवी धडं सवयीची होत आली. हात मात्र अजून डावीकडेच जातो, मग उसवते आणि पुन्हा शिवते.

माणच्या बाजूला कळप परतले असं मंडईत एक बाई सांगत होती. तुझ्याकडे काही कळलं का? मी विचारणार नव्हते. सहा महिने विचारलं नाही. तू तिकडे जाऊ नकोस, पण काही कळलं असेल आणि मला वाईट वाटेल म्हणून लपवत असशील, तर लपवू नकोस. बाहुला जाळला असेल तरी लिही. नुसती घंटा वाजते आणि वीजबिल येतं.

आत्या


म्हसवड, १९ जून १९९६

सांगलीच्या आजीस,

मयूरीचा नमस्कार. मी ज्योतिबाची मुलगी, आता पाचवीत गेले. पत्ता वहीतला आहे, चुकला असेल तर माफी असावी.

बाबा आणि आई कोकणातून आले. बाहुला आढ्यालाच होता. मी लय वेळा मागितला पण हरणाआजीने हात लावू दिला नाही. बाबा जेवायला बसले तेव्हा तिने तो स्वतः खाली काढला, बाबांच्या म्होरं ठेवला आणि म्हणाली, ‘ज्योतिबा, तुज्या आईनं धाडलाय.’ मग बाहेर जाऊन बसली.

बाबांनी डावा हात घातला. मग बाहुला बोलला. काय बोलला ते लिहू नको म्हणाले. आई रडली. बाहुला बाहेर जाऊन हरणाआजीच्या मांडीवर बसला, मग आजीबी रडली.

बाबा तोंडाने सांगताना अडखळतात, म्हणून आता बाहुला सांगतो आणि मी लिहिते. आमी रविवारी सांगलीला येतोय. हरणाआजीबी येणार हाय. ती येणार न्हवती, पर बाहुला म्हणाला, तिच्याबिगर एसटीत चढनार न्हाई.

बाबांनी बाहुल्याला आमच्या मेंढ्याचं नाव दिलंय. मी म्हटलं, दोघांना एकच नाव कसं? तर बाबा स्वतःच्या तोंडाने म्हणाले, आदी ह्येचंच हुतं.

आप्पासो म्हणतोय, आल्या आल्या पयला घास त्याला द्या, मग बाबांना. त्याला लय भूक लागलीया.

मयूरी